नार्कोलेप्सीची शंका आली तर सुरुवात कुठून करायची: इंदूरच्या मराठी घरांसाठी

ताप आला, पोट दुखलं की घरचे लगेच डॉक्टरकडे नेतात, पण सोळा-सतरा वर्षांचं पोर वर्गात, जेवता जेवता, अगदी आरती चालू असताना उभ्या उभ्या पेंगायला लागलं तर त्याला फक्त "मोबाइल कमी कर" एवढंच ऐकायला मिळतं. माझं कॉलेजात असताना सुरू झालं आणि आजाराचं नाव कळलं ते नोकरी लागून बराच काळ लोटल्यावर, मधली सगळी वर्षं आळशी, झोपाळू, कुंभकर्ण ह्या शब्दांत गेली. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर, आपल्या लोकांच्या कुठल्याही वस्तीत विचारा, "आमचा फार झोपतो हो" म्हणणारी एक तरी काकू भेटतेच. त्यातल्या बहुतेक मुलांची रात्रीची झोपच कमी पडत असते, हे खरं आहे. पण नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा झोप आवरताच न येण्याचा मेंदूचा आजार, साधारण दोन ते चार हजार माणसांत एकाला असते, म्हणजे आपल्याएवढ्या मोठ्या शहरात काहीशे लोक तरी असणारच आणि त्यातल्या कितीतरी जणांना हा शब्दही माहीत नसेल. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी हे लिहितेय, पहिल्यापासून, क्रमाने.

आधी हे काय आहे ते

मेंदूत खोलवर हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, तिथे थोड्याशा पेशी ओरेक्सिन नावाचं रसायन बनवतात, त्यालाच हायपोक्रेटिन पण म्हणतात, ह्याचा शोध १९९८ मध्ये लागला. हे रसायन आपल्याला जागं ठेवतं, म्हणजे एकदा जाग आली की ती दिवसभर टिकवून धरतं. नार्कोलेप्सीच्या पहिल्या प्रकारात ह्या पेशी जवळजवळ सगळ्या नष्ट झालेल्या असतात, बहुधा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते म्हणून. दुसऱ्या प्रकारात झोप तशीच येते पण हसताना हातपाय सैल पडणं (त्याबद्दल खाली लिहिलंय) नसतं, आणि त्याचं कारण अजून नीट उलगडलेलं नाही. आजार नवा नाही, फ्रान्सच्या जेलिनो नावाच्या डॉक्टरांनी १८८० मध्येच त्याला हे नाव दिलं होतं.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं समजेल. निरोगी माणूस झोपला की स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, ती साधारण दीड तासाने येते आणि त्या वेळी शरीराचे स्नायू मुद्दाम सैल केलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरंच पळू. नार्कोलेप्सीत ही रेम झोप डोळा लागल्यावर काही मिनिटांतच येते, आणि तिचे तुकडे जागेपणी पण मधेच घुसतात. स्वप्न पडायला लागतं पण आपण अर्धे जागे असतो, स्नायू सैल पडतात पण आपण पूर्ण जागे असतो. लोकांना जे विचित्र वाटतं ते सगळं ह्याच्यातूनच निघतं.

खुणा

पहिली खूण दिवसाची झोप, ती सगळ्यांना असते. साधा थकवा नाही हा, बोलता बोलता वाक्य अर्धं राहतं, वहीत अक्षर घसरत खाली जातं, आणि दहा-पंधरा मिनिटं झोपलं की एकदम फ्रेश वाटतं, पण दोन-तीन तासांनी परत तेच. ही "फ्रेश वाटतं" वाली गोष्ट डॉक्टरांना नक्की सांगा, कारण घोरण्याच्या आजारात म्हणजे स्लीप ॲप्नियात सहसा झोपून उठलं तरी जड जडच वाटतं.

दुसरी, कॅटाप्लेक्सी. जोरात हसू आलं, कोणी अचानक भेटलं, राग आला की जबडा सैल पडतो, मान खाली जाते, गुडघे वाकतात, कधी माणूस खालीच बसतो. काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं. शुद्ध पूर्ण असते, सगळं ऐकू येत असतं, फक्त बोलता येत नाही. आपल्याकडे ह्याला लगेच मिर्गी म्हणतात आणि जोडा हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात, आणि तो बिचारा आतून सगळं बघत असतो. कृपा करून असं काही करू नका, तोंडात पाणी तर अजिबात घालू नका, फक्त डोकं आपटणार नाही असं धरा आणि थांबा.

तिसरी, झोप लागताना किंवा उठताना अंग हलतच नाही, छातीवर कोणीतरी बसलंय, खोलीत कोणीतरी उभं आहे असं दिसतं. ह्याच्यावरून किती घरांत अंगारे-धुपारे झाले असतील देव जाणे. बाहेरचं काही नाहीये हे. आणि हे कधीकधी पूर्ण निरोगी माणसालाही होतं, त्यामुळे एकट्या ह्या खुणेवरून घाबरायचं कारण नाही.

चौथी लोकांना पटतच नाही, ती म्हणजे रात्रीची झोप मोडकी असते. सगळ्यांना वाटतं की हा रात्रंदिवस झोपतो, पण चोवीस तासांची बेरीज केली तर बहुतेकांची झोप इतरांएवढीच निघते, फक्त ती तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असते. शिवाय हात आपोआप काम करत राहतात आणि डोकं झोपलेलं असतं, म्हणजे कणीक मळून झाली पण मीठ घातलं का आठवत नाही, किंवा नोट्स लिहिल्या आणि नंतर वाचल्या तर भलतंच काहीतरी.

बहुतेक वेळा हे सगळं दहा ते तीस ह्या वयात सुरू होतं, नेमकं बोर्डाच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या दिवसांत, म्हणून भंवरकुआंच्या क्लासेसमध्ये मागच्या बाकावर झोपणाऱ्या मुलाकडे कोणी आजारी म्हणून बघत नाही.

पहिलं काम: दोन आठवडे वहीत लिहा

डॉक्टरकडे धावायच्या आधी एक साधी वही घ्या. रात्री किती वाजता आडवे झालात, किती वेळा उठलात, सकाळी कधी जाग आली, दिवसा कुठे कुठे डोळा लागला, चहा-कॉफी किती झाली, आणि हसताना काही झालं का. पण एक अट आहे, हे दोन आठवडे रात्री खरंच सात-आठ तास अंथरुणात राहायचं. सराफ्यात रात्री दीड-दोनपर्यंत भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन सकाळी सहाला उठलात तर दिवसा झोप येणारच, त्याला आजार लागत नाही. पुरेशी झोप घेऊनसुद्धा दिवस असाच जात असेल तर मात्र पुढे चला.

ह्याच काळात एपवर्थ स्केल, म्हणजे झोपाळूपणा मोजायची छोटी प्रश्नावली, भरून बघा, नेटवर हिंदीत पण मिळतं. आठ प्रसंग असतात, वाचताना, टीव्ही बघताना, दुसऱ्याच्या गाडीत तासभर बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर वगैरे झोप लागायची शक्यता किती, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलं तर झोप जास्त आहे असं धरतात. ह्याने निदान होत नाही हं, पण डॉक्टरसमोर आकडा ठेवला की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

घरातल्या कोणालातरी कॅटाप्लेक्सीचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगून ठेवा. दवाखान्यात कोणाला हुकमी हसू येत नाही, त्यामुळे दहा मिनिटं वर्णन करण्यापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ जास्त कामाला येतो.

दुसरं काम: बरोबर डॉक्टर

फॅमिली डॉक्टर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ बघतील, ते बघू द्या, आपल्याकडे ह्या तिन्हींमुळे थकलेली माणसं भरपूर आहेत. घोरणं असेल तर ॲप्निया पण तपासावा लागतो. हे सगळं ठीक निघालं किंवा उपचार करूनही झोप तशीच राहिली तर न्यूरोलॉजिस्ट, आणि जाण्याआधी रिसेप्शनला फोन करून विचारा की डॉक्टर झोपेचे पेशंट बघतात का. डिप्रेशन आहे असं सांगून परत पाठवलं तर चिडू नका, नार्कोलेप्सीत डिप्रेशन खरंच सोबत असू शकतं, पण नम्रपणे वही पुढे करा आणि विचारा की स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, करून घेऊ का. वही असली की डॉक्टरही थांबून बघतात, हा माझा अनुभव आहे.

तिसरं काम: तपासणी, आणि तिची तयारी

इथे बरेच लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते. तपासणी दोन भागांत असते. रात्रभराची पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे वायरी लावून झोपेची नोंद, आणि लगेच दुसऱ्या दिवशी एमएसएलटी, ज्यात दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगतात, असं चार-पाच वेळा, आणि किती मिनिटांत झोप लागते आणि त्यात रेम येते का ते मशीनवर बघतात. सरासरी आठ मिनिटं किंवा त्याच्या आत झोप लागली आणि दोन किंवा जास्त वेळा पंधरा मिनिटांच्या आत रेम आली, आदल्या रात्रीची एक धरून, तर ते नार्कोलेप्सीकडे बोट दाखवतं.

घरी मशीन पाठवून करतात ती स्लीप स्टडी ॲप्नियासाठी असते, त्याच्यात नार्कोलेप्सी कळत नाही. त्यामुळे पैसे भरायच्या आधी स्पष्ट शब्दांत विचारा: "रात्रीच्या टेस्टनंतर दुसऱ्या दिवशी एमएसएलटी करता का?" शहरात ज्या सेंटरला होत नसेल ते तसं सांगतील, मग भोपाळ, मुंबई, पुणे असा शोध घ्यावा लागतो, बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत पण झोपेच्या विकारांवर काम चालतं. सोबत एक माणूस न्या, कारण दोन दिवस जातात आणि नंतर गाडी चालवत परत यायची स्थिती नसते.

तयारी अशी. आधीचे एक-दोन आठवडे झोप पुरेशी झालेली हवी, वही सोबत न्या. डिप्रेशनच्या किंवा दुसऱ्या काही गोळ्या चालू असतील तर त्या रेम झोप दाबतात आणि रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, साधारण दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात, काही गोळ्यांना त्याहून जास्त, पण हे डॉक्टरने सांगितल्याशिवाय स्वतःच्या मनाने मुळीच करायचं नाही. केसांना तेल लावून जाऊ नका, डोक्यावर वायरी चिकटवतात त्या तेलावर टिकत नाहीत, धुतलेले कोरडे केस हवेत. बोटाला ऑक्सिजनची क्लिप असते म्हणून नेलपॉलिश काढून जा, नखांवर गडद मेंदी असेल तर आधीच सांगा. आपली उशी, आपली चादर नेली तर बरं पडतं. दुसऱ्या दिवशी दोन डुलक्यांच्या मधे झोपायचं नसतं, चहा-कॉफी पण नाही, तेव्हा वाचायला काहीतरी न्या आणि सोबतच्या माणसाला गप्पा मारत ठेवायला सांगा. हा दिवस फार जड जातो, आधीच माहीत असलेलं बरं.

काही जण एचएलएची, म्हणजे ह्या आजाराशी जोडलेल्या एका जनुकाची, रक्ततपासणी सुचवतात. ती पॉझिटिव्ह आली म्हणून आजार आहे असं होत नाही, ते जनुक कितीतरी निरोगी लोकांत असतं, तेव्हा फक्त तेवढ्या एका रिपोर्टवर निदान मानू नका.

चौथं काम: औषध

आजार मुळापासून जात नाही, हे आधीच स्वीकारलं की पुढची धावाधाव वाचते. कोणी चूर्ण देऊन "महिनाभरात खात्रीने बरं" म्हणालं तर तिथून उठा. पण औषधाने दिवस पुष्कळ सुधारतो.

दिवसाची झोप आवरायला आपल्याकडे सहसा मोडाफिनिल किंवा आर्मोडाफिनिल देतात. सकाळी घ्यायची, कारण तिचा अंमल खूप तास राहतो, दुपार टळल्यावर घेतली तर रात्र जाते. सुरुवातीला डोकं दुखणं बऱ्याच जणांना होतं. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. बीपी, हृदयाचं काही असेल तर आधी सांगा. आणि बायकांनी हे खास लक्षात ठेवा, कारण हे आपणहून कोणी सांगेलच असं नाही: ही गोळी गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते, बंद केल्यावरही महिनाभर, म्हणून दुसरा उपाय हवा, आणि बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायलाच पाहिजे. लाजायचं नाही ह्यात.

कॅटाप्लेक्सीसाठी व्हेनलाफॅक्सिनसारखी, मुळात डिप्रेशनची असलेली औषधं कमी डोसमध्ये देतात. घरचे म्हणतील "वेडाच्या गोळ्या कशाला", तर त्यांना सांगा की ह्या रेम दाबायला आहेत. ह्या एकदम बंद केल्या तर कॅटाप्लेक्सी उसळून येते, दिवसातून अनेक वेळा, त्यामुळे लग्नाला गावी जाताना, उपासाच्या दिवसांत, कधीच पट्टी संपू द्यायची नाही. आणि मोडाफिनिल कोणी "परीक्षेला जागायला दे ना" म्हणून मागितली तर देऊ नका, सख्खा भाऊ असला तरी.

पाचवं काम: डुलकी ठरवून घ्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, औषधाइतकंच. झोपेशी मारामारी करून कोणी जिंकत नाही, ती येऊन धरायच्या आधी आपणच तिला वेळ द्यायचा. दिवसातून दोन वेळा, पंधरा ते वीस मिनिटं, रोज त्याच वेळेला, अलार्म लावून. वहीत बघा तुमची झोप कधी येते, बहुतेकांची जेवणानंतर एकदा आणि चार-पाचच्या सुमारास एकदा असते, त्याच्या दहा मिनिटं आधी आडवं व्हायचं. जसं पाहुणे यायच्या आधी स्वयंपाक उरकून ठेवला की मग धावपळ होत नाही तसं. तासभर झोपू नका, उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप पण बिघडते.

घरात ही वेळ सगळ्यांना माहीत पाहिजे. माझ्या सासूबाईंनी एक चांगली गोष्ट केली, दुपारी माझ्या डुलकीच्या वेळेला कोणी आलं तर त्या सरळ सांगतात "तिची औषधाची वेळ आहे, बसा, येईल", आणि लोक बसतात. "झोपली आहे" म्हटलं असतं तर चर्चा झाली असती.

सणावाराला हे मोडतं, म्हणून आधी ठरवा. महालक्ष्म्यांच्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाक असतो, तेव्हा मी पुरणाला हात लावायच्या आधीच सांगून ठेवते की अमुक वेळेला मी वीस मिनिटं आतल्या खोलीत. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, रात्रभर चालतात, बघायच्याच असतील तर संध्याकाळी झोपून घ्या, पहिल्या काही झांक्या बघा आणि घरी या, दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावू नका.

जेवणाचं म्हणाल तर दुपारी हलकं. दाल-बाफल्यांवर तूप ओतून जेवल्यावर धडधाकट माणूस आडवा होतो, आपली तर गोष्टच वेगळी. रविवारी खा, घरी असाल तेव्हा खा, पण ऑफिसच्या दिवशी भाजी-पोळी, वरण, कोशिंबीर एवढंच ठेवून बघा, फरक पडतो. सकाळचे पोहे चालतील, सोबतची जलेबी रोज नको. वजन ह्या आजारात सहज वाढतं, त्यात तुमचा दोष नाही, पण चालणं ठेवा. दारू नको, आणि संध्याकाळनंतर चहा नको.

घरातली आणि रस्त्यावरची काळजी

गाडी. झोप औषधाने ताब्यात आली असं डॉक्टर म्हणेपर्यंत टू-व्हीलर पण नाही आणि कार पण नाही. आपल्या एबी रोडवर एका सेकंदाची डुलकी सुद्धा कोणाचा तरी जीव घेऊ शकते, आणि तो जीव फक्त तुमचा नसतो. नंतर परवानगी मिळाली तरी डुलकी झाल्यावर, थोड्या अंतरासाठी, एकट्याने हायवेवर नाही. बसमध्ये स्टॉप निघून जातो, म्हणून व्हायब्रेशनचा अलार्म लावा, शेजारच्याला सांगून ठेवा.

गॅसवर दूध ठेवून तिथून हलू नका, तळण बसून करा किंवा कोणी सोबत असताना करा. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल. गच्चीच्या कठड्याशी उभं राहून हसण्या-खिदळण्याच्या गप्पा नकोत, पोहायला एकटं जायचं नाही. लहान बाळ असेल तर त्याला पाजताना, खेळवताना खाली गादीवर बसा, खुर्चीत किंवा पलंगाच्या काठावर नाही, आणि डोळे जड वाटायला लागले की बाळ लगेच दुसऱ्याकडे द्या किंवा त्याच्या जागी ठेवा.

लोकांना काय सांगायचं

एक वाक्य पाठ करून ठेवा. माझं असं आहे: "मला मेंदूचा झोपेचा आजार आहे, औषध चालू आहे, दिवसातून दोनदा वीस मिनिटं झोपले की मी पूर्ण काम करते." इतकंच. ऑफिसमध्ये साहेबांना डॉक्टरांचं पत्र द्या, दुपारच्या सुट्टीत आडवं व्हायला एक कोपरा मागा. अवघड, लक्ष लागणारं काम सकाळी ठेवा, मीटिंगमध्ये उभं राहिलात तरी चालेल का ते विचारा. मुलांच्या बाबतीत आईबाबांनी शाळेत वर्गशिक्षकांना स्वतः जाऊन भेटायचं, पत्र घेऊन, कारण पोराने सांगितलं तर बहाणा वाटतो.

लग्नाचं विचारतात सगळे. सांगायचंच, साखरपुड्याच्या आधी, रिपोर्टसकट. लपवून केलेल्या लग्नात गोळ्या पण लपवाव्या लागतात आणि मग डोस चुकतात. मुलांना होईल का ह्याची भीती असते, तर आईला किंवा वडिलांना पहिल्या प्रकारची नार्कोलेप्सी असेल तर मुलाला व्हायची शक्यता साधारण शंभरात एक-दोन एवढीच धरतात, हे समोरच्या घराला शांतपणे सांगता येतं.

मन फार खचलं, कशातच रस वाटेना, तर मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो. हे आपल्या न्यूरोलॉजिस्टलाही सांगा, कारण कधीकधी औषध बदलून हे सुधारतं.

आणि वही बंद करू नका. औषध सुरू झाल्यावर दर अपॉइंटमेंटच्या आधी एक आठवडा परत लिहा, एपवर्थ परत भरा, जुना आकडा शेजारी ठेवा. डॉक्टर विचारतात "कसं आहे?" आणि आपण "ठीक आहे" म्हणून उठतो, डोस तोच राहतो. तिथे १७ चे १२ झाले, संध्याकाळची डुलकी चुकली की रात्री त्रास होतो, हसताना जबडा अजून आठवड्यातून दोनदा सैल पडतो, असं सांगितलं तर त्यांना डोस बदलता येतो.